प्रोजेक्ट अंगावर आलाय, आता कुठली गाइड आधी वाचू?

एका वाचक मैत्रिणीचं पत्र आलंय, थोडं छोटं करून देते:

“ताई, मी पाच वर्षं एका कंपनीत सपोर्ट टीममध्ये आहे. कस्टमरच्या तक्रारी आम्ही अजून एक्सेलमध्येच ठेवतो, ते सगळं आता नवीन सॉफ्टवेअरवर न्यायचंय आणि साहेबांनी भर मीटिंगमध्ये सांगून टाकलं की हा प्रोजेक्ट मी बघणार. चार महिने दिलेत. सोबत सहाजण आहेत, त्यातलं कुणीच मला रिपोर्ट करत नाही, दोघं तर माझ्यापेक्षा खूप सीनियर. मी लगेच प्रोजेक्ट मॅनेजमेंटच्या बिगिनर्ससाठी म्हणून जेवढ्या गाइड मिळाल्या तेवढ्या डाउनलोड केल्या, व्हिडिओ सेव्ह केले, पण प्रत्येकजण वेगळंच सांगतो. एक म्हणतो आधी चार्टर, दुसरा म्हणतो चार्टर वगैरे जुनं झालं आता सगळं अजाइल, तिसरा म्हणतो सर्टिफिकेट नसेल तर या लाइनमध्ये येऊच नका. तीन आठवडे नुसती वाचतेय आणि काम सुरूच झालेलं नाही. कुठली गाइड आधी वाचू? सर्टिफिकेट घेऊ का? सॉफ्टवेअर कुठलं वापरू? खूप टेन्शन आलंय. — गोंधळलेली”

अगं,

आधी सरळ उत्तर देऊन टाकते. आता एकही नवीन गाइड डाउनलोड करायची नाही. तुझ्याकडे आहेत त्यातली सगळ्यात पातळ निवड, वीस-तीस पानांची असेल तर उत्तम, आणि ती कादंबरीसारखी पहिल्या पानापासून वाचत बसू नकोस, प्रोजेक्टमधला एखादा प्रश्न समोर आला की तेवढ्यापुरती उघड. बाकीच्या राहू देत फोल्डरमध्ये. सर्टिफिकेट आत्ता नको. सॉफ्टवेअर म्हणशील तर ऑफिसमध्ये सगळ्यांना जे आधीच येतं तेच. पण असं का म्हणतेय ते नीट सांगते, नाहीतर उद्या अजून एक व्हिडिओ समोर येईल आणि तू परत तिथेच.

या गाइड एकमेकींच्या उलट का बोलतात ते बघ, कारण तुझा अर्धा गोंधळ तिथला आहे. बिगिनर गाइड लिहिणारा सहसा स्वतः जे शिकलेला असतो तेच छोटं करून लिहितो, आणि ते बहुतेक वेळा तीन ठिकाणांहून आलेलं असतं. एक म्हणजे पीएमआय (प्रोजेक्ट मॅनेजमेंट इन्स्टिट्यूट), १९६९ मध्ये अमेरिकेत सुरू झालेली संस्था, तिची पिमबॉक गाइड, पहिली आवृत्ती १९९६ ची. २०१७ च्या सहाव्या आवृत्तीत ४९ प्रोसेस होत्या, प्रत्येकीत काय घ्यायचं, काय करायचं आणि शेवटी हातात काय आलं पाहिजे असं सगळं मांडलेलं, आणि २०२१ च्या सातव्या आवृत्तीत तो साचाच बाजूला ठेवून १२ तत्त्वांवर मांडणी केली. म्हणजे सहावी शिकलेला एकजण आणि सातवी शिकलेला दुसरा, दोघंही पिमबॉकप्रमाणेच सांगतोय म्हणणार आणि दोघांचं सांगणं जुळणार नाही, आणि वाचणाऱ्याला वाटणार आपल्यालाच कळत नाहीये. दुसरं प्रिन्स टू, प्रोजेक्ट चालवायची एक पद्धत, ब्रिटिश सरकारच्या कामांमधून आलेलं, त्यात प्रोजेक्ट मॅनेजरच्या वर एक बोर्ड असतं आणि एक टप्पा संपला की पुढे जायचं की थांबायचं ते बोर्ड ठरवतं. तिसरं अजाइल, म्हणजे थोडं थोडं बनवायचं, वापरून बघायचं आणि बदलत जायचं. २००१ च्या फेब्रुवारीत अमेरिकेतल्या युटामध्ये सॉफ्टवेअरमधली १७ माणसं एकत्र बसली आणि त्यांनी चार मूल्यं आणि १२ तत्त्वं लिहून काढली, आणि त्या विचाराच्या पद्धतींपैकी सगळ्यात जास्त पसरली ती स्क्रम. स्क्रमची अधिकृत गाइड फुकट मिळते, २०२० ची आवृत्ती पंधरा पानांच्या आतली आहे आणि त्यात प्रोजेक्ट मॅनेजर हा रोलच नाहीये! प्रॉडक्ट ओनर, स्क्रम मास्टर आणि डेव्हलपर, बस. ती एकच टीम एकच प्रॉडक्ट सतत बनवत राहते हे गृहीत धरून लिहिलेली आहे, आणि तुझ्याकडे आहेत वेगवेगळ्या कामांतून थोडा थोडा वेळ काढून येणारी सहा माणसं.

म्हणून गाइड उघडलीस की आधी एवढंच बघ, लिहिणाऱ्याच्या डोळ्यासमोर कुठला प्रोजेक्ट आहे? पूल बांधणं, मोबाइल ॲप बनवणं, की एखाद्या ऑफिसचं काम करायचं वळण बदलणं? तुझा प्रोजेक्ट तिसऱ्या प्रकारचा आहे. सॉफ्टवेअर कुणीतरी आधीच बनवलंय, तुला माणसांना आणि माहितीला जुन्या जागेवरून नव्या जागेवर न्यायचंय. अशा कामात गाइडमधले खरेदीचे, कॉन्ट्रॅक्टचे, क्वालिटी ऑडिटचे चॅप्टर तू बिनधास्त सोडू शकतेस, त्यात कमीपणा काही नाही.

आणि वॉटरफॉल (एक टप्पा पूर्ण संपवूनच पुढच्याला हात लावायचा) की अजाइल या भांडणात तर अजिबात पडू नकोस. विन्स्टन रॉयस यांच्या १९७० च्या ज्या लेखातल्या पायऱ्यांच्या आकृतीला पुढे वॉटरफॉल म्हणायला लागले, त्याच लेखात त्यांनी हेही लिहिलंय की असं एकदाच सरळ खाली उतरत जाणं धोक्याचं आहे. म्हणजे ज्या कडक वॉटरफॉलला आज सगळे शिव्या देतात तो त्यांनाही मान्य नव्हता. तुझ्या कामात दोन्ही लागणार. जुन्या तक्रारी साफ करून नव्या सिस्टिममध्ये चढवणं हे क्रमानेच होणार, साफ न करता चढवलंस तर कचरा चढेल. पण तक्रार नोंदवायच्या स्क्रीनवर कुठले रकाने ठेवायचे हे मीटिंगमध्ये बसून कधीच नीट ठरत नाही, तिथे दोन-तीन जणांना पंधरा दिवस वापरायला दे, काय टोचतंय ते ऐक, बदल, परत दे. झालं ना दोन्ही, नाव काही का असेना.

आता खरं काम. गाइडमधला चार्टर (प्रोजेक्ट कशासाठी, काय करायचं आणि कोण ठरवणार ते लिहिलेला कागद) आणि स्कोप (कामात काय येतं, काय नाही) हा भाग तेवढा मन लावून वाच, दुसरं काही नाही वाचलंस तरी चालेल. चार्टर या शब्दाला घाबरू नकोस, लोक वीस पानी टेम्प्लेट देतात, तुला एक पान पुरे. त्या पानावरचा सगळ्यात मोलाचा प्रश्न म्हणजे काम संपलं हे आपण कशावरून म्हणणार? आत्ता तुमच्या सहाजणांना वेगवेगळं विचारलंस ना, तर नवीन सॉफ्टवेअर सुरू करायचं याचे सहा अर्थ निघतील. आयटीवाल्याच्या मते लॉगिन मिळालं की झालं, साहेबांच्या मते महिन्याचा रिपोर्ट आपोआप आला की झालं, सपोर्टवाल्यांच्या मते एक्सेल बंद झालं की झालं. हे आत्ता नाही निघालं तर चौथ्या महिन्यात निघेल आणि तेव्हा सगळे तुझ्याकडे बघतील.

तुझ्यासाठी असं काहीतरी लिहून दाखवते, तू तुझ्या माहितीप्रमाणे बदल: “ठरलेल्या तारखेपासून एकही नवीन तक्रार एक्सेलमध्ये लिहिली जाणार नाही. मागच्या दोन वर्षांच्या तक्रारी नव्या सिस्टिममध्ये कस्टमरच्या नावाने शोधता येतील. त्याआधीच्या फाइल फक्त वाचण्यापुरत्या एका जागी ठेवल्या जातील. सपोर्टमधल्या प्रत्येकाने निदान एक तक्रार स्वतः नोंदवून स्वतः बंद करून बघितलेली असेल.” आणि त्याच्या खाली दुसरा तुकडा, जो बहुतेक लोक लिहितच नाहीत: “यात काय नाही: मोबाइल ॲप, कस्टमरला आपोआप जाणारे मेसेज, रिपोर्टचं नवीन डिझाइन.” हा दुसरा तुकडा पुढे तुला खूप वाचवेल, कारण दुसऱ्या महिन्यात कुणीतरी हमखास येणार आणि म्हणणार अगं जाता जाता तेवढं मेसेजचं पण करून टाक ना. तेव्हा तुला भांडावं लागणार नाही, तू पान पुढे करायचंस आणि म्हणायचंस की हे घ्यायचं असेल तर साहेबांना विचारू, तारीख किती पुढे न्यायची ते तेच सांगतील.

तिसरी ओळ त्या पानावर हवी ती म्हणजे अडलं तर ठरवणार कोण. एक नाव. समिती नको, “मिळून ठरवू” नको. तुला कुणी रिपोर्ट करत नाही म्हणतेस, म्हणजे तुझ्या हातात हुकूम नाहीये, मग कुणाकडे जायचं हे आधी ठरलेलं असणं तुझ्यासाठी जास्त गरजेचं आहे.

लोक म्हणतील एवढं लिहित काय बसलीस, कामाला लाग. त्यांना सिडनीचं ऑपेरा हाऊस सांग. १९५९ ला बांधकाम सुरू केलं, १९६३ ला संपवायचं ठरलं होतं, खर्च धरला होता ७० लाख ऑस्ट्रेलियन डॉलर. उद्घाटन झालं १९७३ ला आणि खर्च गेला १० कोटी २० लाखांवर. कारणं बरीच आहेत, राजकारण आहे, वास्तुविशारद मध्येच सोडून गेले, पण त्यातलं एक कारण आपल्या कामाचं आहे, घाई म्हणून खालच्या चौथऱ्याचं काम सुरू करून टाकलं तेव्हा वरच्या त्या शिंपल्यांसारख्या छताचं डिझाइन अजून पक्कंच झालेलं नव्हतं, आणि मग छत ठरल्यावर कळलं की खालचे खांब ते वजन पेलणार नाहीत, ते परत बांधावे लागले. इमारत आज जगभर नावाजलेली आहे हे खरंच, पण तुला कुणी दहा वर्षांची मुदतवाढ देणार नाहीये.

पान लिहून झालं की कामाचे तुकडे पाड. गाइडमध्ये याला डब्ल्यूबीएस (वर्क ब्रेकडाउन स्ट्रक्चर) म्हटलेलं असेल आणि मोठ्या झाडाचं चित्र असेल. तुकडा केवढा पाडायचा? एका माणसाच्या हातात देता येईल आणि झाला की नाही हे डोळ्यांनी बघता येईल एवढा. तुझ्या प्लॅनमध्ये मला खात्री आहे की एक ओळ असणार “डेटा मायग्रेशन, दोन आठवडे”, म्हणजे जुनी माहिती नव्या सिस्टिममध्ये नेणं. ही एक ओळ तुझा अख्खा प्रोजेक्ट खाऊ शकते. ती उघडून बघ आत काय आहे. फाइल कुणाकुणाच्या मशीनवर पडल्यात ते शोधणं. एकाच कस्टमरचं नाव कुणी पूर्ण लिहिलंय, कुणी आडनाव आधी लिहिलंय, कुणी नुसती आद्याक्षरं टाकलीत, त्यातलं खरं कुठलं हे ठरवणं, आणि ते ठरवायचा अधिकार कुणाला आहे हेही ठरवणं. तारखांच्या रकान्यात ०३/०४ असं लिहिलंय ते तीन एप्रिल की चार मार्च, कारण दोन माणसांच्या मशीनची सेटिंग वेगळी होती. “स्टेटस” रकान्यात बंद, क्लोज्ड, झालं, ओके आणि नुसती हिरवी केलेली सेल, हे सगळं म्हणजे एकच. मग पन्नास ओळींची ट्रायल, ती तपासणं, चुका दुरुस्त करणं, परत ट्रायल, आणि मग कुठे खरं चढवणं. हे सगळं उद्या एक तास बसून खऱ्या फाइल उघडून बघ, कुठल्याही गाइडच्या चॅप्टरपेक्षा त्या एका तासात तुला तुझा प्रोजेक्ट जास्त कळेल. माझं अगदी स्पष्ट मत आहे, नवशिक्या प्रोजेक्ट मॅनेजरने पहिल्या आठवड्यात गाइडइतकाच वेळ प्रत्यक्ष माल बघण्यात घालवावा, मग तो डेटा असो, जागा असो नाहीतर यंत्र असो.

तुकडे झाले की कुठला कुठल्यावर अडलाय ते बघ. गँट चार्ट, म्हणजे कुठलं काम कधीपासून कधीपर्यंत ते दाखवणारा तक्ता, काढायला सगळे शिकवतात, आडव्या पट्ट्या छान दिसतात, पण पट्ट्यांपेक्षा त्यांच्यामधले बाण महत्त्वाचे. तुझ्याकडे साखळी साधारण अशी: साफसफाई, ट्रायल, दुरुस्ती, ट्रेनिंग, आणि मग सुरुवात. ट्रेनिंग रिकाम्या सिस्टिमवर देऊन उपयोग नाही, लोकांना आपल्या ओळखीच्या तक्रारी दिसल्या पाहिजेत तर डोक्यात बसतं, म्हणून ट्रेनिंग डेटावर अडलेलं. साफसफाई तीन दिवस लांबली की शेवटची तारीख तीन दिवस लांबली. याउलट ट्रेनिंगच्या नोट्स लिहिणं आठवडाभर मागे-पुढे झालं तरी काही बिघडत नाही. गाइडमध्ये क्रिटिकल पाथ म्हणून जे अवघड वाटतं ते हेच, १९५० च्या दशकाच्या शेवटी ड्यूपाँट कंपनीत रासायनिक कारखान्यांच्या कामांसाठी हे काढलं होतं. उपयोग एवढाच की रोज सकाळी सातही जणांच्या सगळ्या कामांची काळजी करायची नाही, साखळीतल्या आजच्या कामाची करायची.

अंदाजाबद्दल जरा थांबून सांगते, कारण नवीन माणूस इथेच सगळ्यात जास्त भाजतो. १९९४ मध्ये छापून आलेला मानसशास्त्रातला एक अभ्यास आहे, कॅनडातल्या विद्यार्थ्यांना विचारलं तुमचा प्रबंध किती दिवसांत होईल. सरासरी उत्तर आलं ३३.९ दिवस. मग विचारलं सगळंच्या सगळं वाईट झालं तर, तेव्हा म्हणाले ४८.६ दिवस. प्रत्यक्षात लागले सरासरी ५५.५ दिवस. बघ, त्यांनी केलेल्या सगळ्यात वाईट कल्पनेपेक्षाही जास्त! त्यांना कुणी दबाव टाकला नव्हता आणि साहेबांना खूश पण करायचं नव्हतं, माणूस स्वतःच्या कामाचा अंदाज करताना ते काम मनात सुरळीतच पार पडताना बघतो, मधला आजारपणाचा दिवस, दुसऱ्या कामाची हाक, कुणाचं तरी न आलेलं उत्तर हे त्यात दिसतच नाही.

म्हणून कुणालाही “किती दिवस लागतील?” असं विचारू नकोस. “मागच्या वेळी असंच काहीतरी केलं होतं तेव्हा किती लागले होते?” असं विचार. उत्तर लगेच बदलतं. आणि तीन आकडे घे: सगळं छान झालं तर, नेहमीसारखं झालं तर, वाईट झालं तर. मधल्या आकड्याला चार पट वजन देऊन तिन्हींची बेरीज करायची आणि सहाने भागायचं, अमेरिकन नौदलाच्या पोलारिस क्षेपणास्त्राच्या कामात १९५८ च्या सुमारास हे वापरात आलं. समजा साफसफाईला ४, ६ आणि २० दिवस असे आकडे आले, तर ४ अधिक २४ अधिक २०, भागिले ६, म्हणजे ८ दिवस. आता सगळ्यांच्या तोंडी ६ होतं आणि तू ८ धरतेस, त्या वरच्या २ दिवसांमागे २० चा तो आकडा आहे, आणि २० का म्हणालात हे विचारलंस की खरी माहिती बाहेर येते, कुणीतरी सांगेल की अगं त्या जुन्या फाइलला पासवर्ड आहे आणि तो ज्याला माहिती होता तो नोकरी सोडून गेला. हीच माहिती तुला हवी होती!

साहेबांनी चार महिने आधीच जाहीर केलेत हे मला कळतंय. तरी त्यांना एक तारीख देऊ नकोस, दोन दे, “बहुतेक या तारखेला, फार तर त्या तारखेला, आणि डेटाची ट्रायल झाली की नक्की सांगते.” आणि उशीर होतोय दिसलं की ते अजून तीन माणसं देतो म्हणतील, मनापासूनच म्हणतील. लगेच हो म्हणू नकोस. सॉफ्टवेअरच्या कामाबद्दल फ्रेड ब्रुक्स यांनी १९७५ मध्येच लिहून ठेवलंय की उशीर झालेल्या कामात माणसं वाढवली की ते अजून उशिरा होतं. तुम्ही सातजण आहात तर एकमेकांशी बोलायच्या जोड्या २१ होतात, दहा झालात तर ४५. शिवाय नवीन तिघांना शिकवणार कोण, तर ज्यांच्याकडे आधीच वेळ नाही तेच, म्हणजे दुष्काळात तेरावा महिना. माणसांऐवजी काम कमी करायला माग. दोन वर्षांऐवजी एक वर्षाच्याच तक्रारी आत्ता घेतल्या तर? हा प्रश्न तुझ्या त्या एका पानामुळेच विचारता येतो बघ.

आता ते दोन सीनियर. याबद्दल तू पत्रात अर्धीच ओळ लिहिलीस पण मला वाटतं खरं टेन्शन तेच आहे. त्यांच्यासमोर तू गाइडमधले शब्द घेऊन गेलीस, स्टेकहोल्डर मॅट्रिक्स आणि रॅसी चार्ट (कुठल्या कामात कुणाची काय भूमिका त्याचा तक्ता) वगैरे, तर ते गप्प बसून ऐकतील आणि काही करणार नाहीत. त्यांच्याकडे जे आहे ते मागायला जा. गॅरी क्लाइन या मानसशास्त्रज्ञाची एक पद्धत आहे, प्रीमॉर्टेम म्हणतात, साधी आहे. सगळ्यांना अर्धा तास बसव आणि म्हण, “समजा चार महिने झाले आणि हा प्रोजेक्ट पूर्ण फसला. फसलाच. का फसला असेल ते प्रत्येकाने दोन मिनिटं कागदावर लिहा.” काय फरक पडतो माहितीये? काही अडचण आहे का असं विचारलं की कुणी बोलत नाही, नकारात्मक बोलतोय असं दिसेल म्हणून. फसलाय असंच धरलं की मग ज्याला जास्त माहिती तो जास्त कारणं लिहितो, आणि इथे तुझे दोन्ही सीनियर सगळ्यात पुढे असणार, त्यांनी आधीची असली दोन-तीन सॉफ्टवेअर येऊन गेलेली बघितलेली असतील. त्यांची कारणं त्यांच्याच शब्दांत लिहून घे, त्यातली तीन मोठी निवड आणि प्रत्येकीसाठी काय करता येईल ते त्यांनाच विचार. गाइडमधलं रिस्क रजिस्टर, म्हणजे धोक्यांची यादी, तयार झालं, आणि ते त्यांनी केलेलं आहे म्हणून ते त्याला धरून चालतील. पटकन काही होणार नाही, पण दर आठवड्याला त्यांना जाऊन भेट, मेसेज नको, प्रत्यक्ष दहा मिनिटं.

बाकीच्यांना आठवड्यातून एकदा एक छोटा मेसेज, ठरलेल्या दिवशी, काम झालं असो नसो. उदाहरणार्थ: “या आठवड्यात मागच्या वर्षीच्या तक्रारींची नावं साफ झाली. पुढच्या आठवड्यात पन्नास ओळींची ट्रायल. अडलेलं: तारखांचा फॉरमॅट, गुरुवारपर्यंत निर्णय हवा, नाहीतर ट्रायल एक आठवडा पुढे.” एवढंच. निर्णय कुणाकडून आणि कधीपर्यंत हवा आणि नाही मिळाला तर काय होईल, हे तिन्ही लिहायचं. “काम चालू आहे, ७० टक्के झालं” असलं लिहू नकोस, टक्क्यांना काही अर्थ नसतो, तुकडा एकतर झाला नाहीतर नाही झाला.

सॉफ्टवेअरचं पटकन सांगते. एक शीट काढ, रकाने पाच: काम, कुणाकडे, कधीपर्यंत, कशावर अडलंय, शेवटचं कधी बघितलं. एका प्रोजेक्टला सातजणांमध्ये एवढं पुरतं. तुम्ही आधीच सगळे एक नवीन सॉफ्टवेअर शिकणार आहात, त्यावर अजून एक शिकायला लावलंस तर लोक वैतागतील. भिंतीवर करायचं, करतोय, झालं असे तीन भाग करून चिठ्ठ्या लावल्यास तरी उत्तम, फक्त मधल्या भागात एका माणसाच्या दोनपेक्षा जास्त चिठ्ठ्या येऊ देऊ नकोस.

सर्टिफिकेट. “ते नसेल तर येऊच नका” हे चुकीचं आहे आणि असं बोलून नवीन लोकांना घाबरवणं मला अजिबात आवडत नाही. पीएमपी, म्हणजे पीएमआयचं प्रोजेक्ट मॅनेजरसाठीचं सर्टिफिकेट, ते तर तुला आत्ता इच्छा असली तरी देता येणार नाही, चार वर्षांची डिग्री असेल तरी प्रोजेक्ट चालवण्याचा ३६ महिन्यांचा अनुभव आणि वर ३५ तासांचं शिक्षण लागतं. अनुभव नसलेल्यांसाठी त्याच संस्थेचं सीएपीएम आहे, त्याला २३ तासांचं शिक्षण पुरतं. प्रिन्स टू फाउंडेशनला अनुभवाची अटच नाही. हे सगळं चांगलं आहे, शब्द पक्के होतात, नोकरी बदलताना काही ठिकाणी उपयोग होतो, पण हा प्रोजेक्ट संपल्यावर बघ, तेव्हा पुस्तकातली प्रत्येक ओळ वाचताना तुझ्याकडे स्वतःचं उदाहरण असेल. एक मात्र आजपासून कर, या प्रोजेक्टमध्ये तू काय केलंस, कुठल्या तारखेपासून कुठल्या तारखेपर्यंत, याची नोंद ठेव. पुढे पीएमपीचा अर्ज भरताना अनुभव लिहून द्यावा लागतो आणि तीन वर्षांनी ते आठवून लिहिणं फार अवघड जातं.

तर उद्या फाइल उघडून बघ, परवा ते एक पान लिही आणि साहेबांकडून दहा मिनिटं मागून घे. मेल करून सोडून देऊ नकोस, मेलला ते “ओके” म्हणतील आणि वाचणार नाहीत. समोर बस, पान पुढे ठेव, हातात पेन दे आणि विचार की यातलं काय चुकलंय. त्यांनी एखादी ओळ खोडली, एखादी वाढवली, तर वाईट वाटून घेऊ नकोस, ती ओळ चौथ्या महिन्याऐवजी आत्ता कळली. आणि पान ठेवल्यावर साहेब म्हणाले की याची काही गरज नाही तू कर सुरू, तरी निदान “ठरवणार कोण” या ओळीसमोर एक नाव त्यांच्याकडून लिहून घेतल्याशिवाय उठू नकोस. काय म्हणाले ते मला कळव.

तुझी ताई